जमिनीवरची गादी आधी उचला

ताई, सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीहून नाशिकला आलो. मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या बाजूला रो-हाउस घेतलं. एका अंगाला अजून द्राक्षबाग आहे, दुसऱ्या अंगाला रिकामा प्लॉट. गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये मनी प्लांटच्या कुंडीमागे घोणशीचं पिल्लू निघालं. सर्पमित्र आले आणि घेऊन गेले. त्याआधी शेजारच्यांनी एक लांबलचक धामण काठीने मारली होती. आता सोसायटीच्या ग्रुपवर रोज सापांचे फोटो येतात. चेअरमन म्हणतात, माणूस बोलावून सगळे साप एकदाच पकडू, लांब सोडून देऊ आणि कंपाउंडभर कार्बोलिक ॲसिड टाकू. सासूबाई म्हणतात, धामण मारली त्याचा दोष सगळ्या गल्लीला लागला, त्र्यंबकेश्वरला नागबळी करून घ्या. मिस्टर म्हणतात, घर विकू आणि गावात वरच्या मजल्यावर फ्लॅट घेऊ. मुलं सात आणि चार वर्षांची आहेत. उन्हाळ्यापासून दोघं हॉलमध्ये आजीजवळ खाली गादी टाकून झोपतात. मी रात्री सारखी उठून बॅटरी मारून बघते. माझी झोप उडाली आहे. साप येऊच नये असा खात्रीचा उपाय सांगा.

— एक आई, मखमलाबाद

*

तुमचं पत्र मी वाचलं आणि मधल्या एका वाक्यावर थांबले. ते तुम्ही सहज लिहून गेलात: मुलं खाली गादी टाकून झोपतात. चेअरमन, ॲसिड, फ्लॅट, नागबळी हे सगळं आपण बोलू. पण त्याआधी आज संध्याकाळी एक काम करा. मुलांना खाली झोपवू नका, आणि सासूबाईंनाही नाही. पलंग, दिवाण, चारपाई, जे असेल ते चालेल. दोन दिवस दाटीवाटीने झोपावं लागलं तरी चालेल.

कारण तुम्ही ज्या सापाला घाबरला आहात त्याच्यापेक्षा मला भीती वाटते ती तुम्ही पत्रात नाव न घेतलेल्या सापाची. ती मण्यार.

घोणस दिसते. तिच्या अंगावर साखळीसारखे ठिपके असतात, आणि जवळ गेलं की कुकरमधून वाफ सुटावी तसा तिचा आवाज सुरू होतो. नाग फणा काढतो. दोघंही आधी सांगतात की पुढे येऊ नका. मण्यार यातलं काही करत नाही. दिवसभर ती उंदरांच्या बिळात, विटांच्या ढिगात, दगडांच्या फटीत पडून असते आणि रात्री बाहेर पडते. उंदीर, पाली, दुसरे लहान साप यांच्या मागे फिरता फिरता घरात शिरते. जमिनीवर झोपलेला माणूस कुशीवर वळला, हात तिच्या अंगावर पडला, की चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा माणसाला जागही येत नाही. आली तरी मुंगी किंवा डास चावला असं वाटून तो पुन्हा झोपतो. सूज नाही, रक्त नाही, कधी कधी दाताची खूणही सापडत नाही.

मग काही तासांनी, बहुतेक वेळा पहाटे, पोटात दुखायला लागतं. उलटी होते. घसा दुखतो, गिळता येत नाही. पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणं अडखळतं, आणि शेवटी श्वासाचे स्नायू काम करेनासे होतात. घरच्यांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. ओवा देतात, हिंग लावतात, दवाखाना उघडायची वाट बघतात. ही वेळ अशी वाया जाते याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा: पावसाळ्यात सकाळी उठल्यावर घरातलं कुणी पोटदुखी, घसादुखी किंवा डोळे उघडत नाहीत अशी तक्रार करत असेल आणि रात्री खाली झोपलेलं असेल, तर थेट मोठ्या रुग्णालयात जायचं आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं, ‘रात्री जमिनीवर झोपला होता, मण्यार चावली असू शकते.’ हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर गेलं की त्यांचा विचार लगेच त्या दिशेने जातो.

पलंग भिंतीपासून थोडा सरकवा. चादरीची टोकं जमिनीला टेकू देऊ नका. वर मच्छरदाणी लावा आणि तिची कड गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचा. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतात हे नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात दिसून आलं आहे, आणि तिथेही मण्यार आपल्यासारखीच घरात शिरते. रात्रीच्या डासांपासूनही वाचाल. खात्रीचा उपाय विचारलात ना, तर माझ्या माहितीतला सगळ्यात खात्रीचा हाच. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील, पलंगावर चढणं नको वाटत असेल, तर कमी उंचीचा दिवाण करून घ्या, पण खाली गादी नको.

आता घराकडे वळू. साप येऊ नये म्हणून नाशिक सोडायची गरज नाही, पण दाराखालची फट मात्र सोडू नका. अंधार पडल्यावर घरातले दिवे बंद करा, तुम्ही आत जमिनीला डोकं लावून बसा आणि मिस्टरांना बाहेरून दाराच्या तळाशी मोबाइलची बॅटरी धरायला सांगा. जिथून उजेड आत येतो तिथून घोणशीचं पिल्लू आत येतं. ते तुमच्या बोटाएवढं जाड असतं, आणि विष त्याला जन्मापासून असतं, लहान आहे म्हणून काही माफ नाही. ही परीक्षा पार्किंगकडे उघडणाऱ्या दारापासून सुरू करा. हार्डवेअरच्या दुकानात दाराखाली लावायची रबराची किंवा ब्रशची पट्टी मिळते, ती सुतार अर्ध्या तासात बसवतो. मग मोरी आणि बाथरूमच्या जाळ्या बघा. करंगळी जाईल इतकं भोक असेल तर जाळी बदला. एसीचा पाइप, सिंकचा पाइप, वॉशिंग मशीनचं पाणी जातं ते भोक, हे सगळं सिमेंटने लिंपून घ्या. मधुमालतीचा किंवा जाईचा वेल खिडकीला टेकला असेल तर छाटा. बाहेरच्या मोटरच्या खड्ड्यावरचं झाकण घट्ट बसतंय ना ते पाहा, ओलाव्याला बेडूक येतात आणि बेडकांमागे साप.

कुंड्यांचंही सांगते. पिल्लू मनी प्लांटमागे सापडलं यात नवल नाही. भिंतीला चिकटून ठेवलेल्या कुंड्यांच्या मागे गार, ओलसर, अंधारी जागा तयार होते, आणि तिथे झाडू पोचत नाही. कुंड्या भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उंच लोखंडी स्टँडवर ठेवा, म्हणजे खालून आरपार दिसेल. जिन्याखाली चपलांचा ढीग असेल तर तोही उचला. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायची सवय मुलांना आत्तापासून लावा.

पण साप मुळात तिथे कशासाठी येतो? उंदरांसाठी. द्राक्षबागेच्या बांधावर उंदीर आहेत, रिकाम्या प्लॉटमध्ये कुणीतरी टाकलेल्या राडारोड्यात आणि गाजरगवतात उंदीर आहेत, आणि तुमच्या गेटबाहेरही आहेत. सकाळी घंटागाडी येते म्हणून ओल्या कचऱ्याची पिशवी आदल्या रात्रीच गेटला लटकवायची पद्धत कितीतरी कॉलन्यांमध्ये दिसते. रात्रभर ती पिशवी उंदरांचं जेवण असते. कचरा झाकणाच्या डब्यात आत ठेवा आणि गाडीची घंटा ऐकू आली की बाहेर न्या. गच्चीवर कबुतरांना धान्य टाकणारं कुणी असेल तर त्यांना नम्रपणे थांबवा. रिकाम्या प्लॉटची तक्रार महापालिकेच्या पंचवटी विभागीय कार्यालयात लेखी द्या, सोसायटीच्या लेटरहेडवर, सगळ्यांच्या सह्यांनिशी, आणि पोच घ्या. मालक सापडेपर्यंत थांबू नका, तुमच्या कंपाउंडलगतचा तीन-चार फुटांचा पट्टा वर्गणी काढून साफ करून घ्या. गवत काढणाऱ्यांना मात्र गमबूट आणि लांब दांड्याचा विळा द्या. हाताने गवत उपटायला लावू नका.

शेजारच्यांनी मारलेली धामण हे उंदीरच खात होती. तिला विष नसतं. ती नागाएवढी लांब आणि चपळ असते म्हणून लोक घाबरून मारतात, आणि मग पुढच्या वर्षी उंदीर वाढले म्हणून कुरकुर करतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली साप मारणं हा गुन्हा आहे, आणि हौसेने पकडणं किंवा पाळणंही. शेजाऱ्यांशी भांडू नका, पण पुढच्या वेळी काठी उचलण्याआधी फोन उचला इतकं त्यांना सांगा. साप मारायला जाणारा माणूस सापाच्या सगळ्यात जवळ जातो, आणि त्यातच दंश होतात.

चेअरमनसाहेबांना माझा निरोप द्या. सगळे साप पकडून लांब सोडायचा विचार त्यांनी सोडून द्यावा. तुमच्या आवारात किती साप आहेत हे कुणीच सांगू शकत नाही, आणि जो माणूस ‘सगळे काढून देतो’ म्हणून पैसे मागेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. लांब नेऊन सोडलेल्या सापाला तिथली बिळं माहीत नसतात. तो भटकतो, रस्त्यावर चिरडला जातो नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरतो. आणि इथे उंदीर तसेच राहिले की रिकाम्या जागेवर दुसरा साप येतो. घरात किंवा पार्किंगमध्ये विषारी साप आला तर तो हलवायलाच हवा, त्यात दुमत नाही. त्यासाठी वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आणि तुमच्या भागातल्या ओळखीच्या, अनुभवी सर्पमित्राचा क्रमांक ग्रुपवर पिन करून ठेवा. सर्पमित्र येईपर्यंत कुणीतरी एकाने तीन-चार मीटरवरून सापावर नजर ठेवायची, बाकीच्यांनी मुलांना घेऊन आत जायचं. आणि आलेला माणूस साप हातात नाचवून व्हिडिओ काढायला लागला तर त्याला पुन्हा बोलावू नका. चांगला सर्पमित्र साप उचलायची आकडी आणि पिशवी घेऊन येतो, दोन मिनिटांत काम करतो आणि जातो.

कार्बोलिक ॲसिड तर अजिबात नको. साप त्याने अडत नाही. मुलाचा पाय मात्र त्यात पडला तर कातडी भाजते, आणि ते कातडीतून शरीरातही जातं. चार वर्षांचं मूल असलेल्या आवारात ते ओतायचा विचार मनातसुद्धा आणू नका. मीठ, लसूण, फिनेल, गंधक यांचाही उपयोग नाही. तो पैसा जाळ्यांना आणि दाराच्या पट्ट्यांना लावा.

ग्रुपवरच्या फोटोंबद्दलही बोलायला हवं, कारण तुमची झोप मला वाटतं त्यांनीच उडवली आहे. त्यातले बरेच साप धामण, दिवड, तस्कर, नानेटी असे बिनविषारी असतील. नाशिकच्या परिसरात माणसाच्या जिवाला धोका करणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यातलं फुरसं माळरानावर, डोंगरउतारावर, दगडाखाली असतं. मुलांना घेऊन चामरलेणी किंवा रामशेजकडे गेलात तर तिथे दगड उचलू देऊ नका. ओळख शिकायची असेल तर एकच जोडी नीट शिका, मण्यार आणि तिच्यासारखा दिसणारा बिनविषारी कवड्या. मण्यार निळसर काळी, चकचकीत, आणि तिचे पांढरे बारीक पट्टे मानेपासून थोडं मागे सुरू होऊन शेपटीकडे ठळक होतात. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. तो भिंतीवरही चढतो. पण हे ज्ञान फोटो बघताना वापरा. समोर पट्ट्यांचा साप असताना ‘कवड्याच आहे’ म्हणून कुणी हात लावायचा नाही. पिल्लांमध्ये रंग फसवतात, आणि रात्रीच्या उजेडात तर अनुभवी माणसंही चुकतात.

आता दंश झालाच तर काय, हे सविस्तर सांगते, कारण घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी काही आठवत नाही, आधी ठरलेलं असेल तेवढंच होतं.

चावलेल्या माणसाला चालू देऊ नका, पळू तर अजिबात देऊ नका. बसवा किंवा आडवं करा. अंगठी, बांगडी, घड्याळ, पैंजण लगेच काढा, सूज आली की ती निघत नाहीत. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतात तसा, लाकडी पट्टी किंवा घडी केलेलं वर्तमानपत्र लावून सैलसर बांधा, म्हणजे तो हलणार नाही. दोरीने करकचून आवळू नका, कापू नका, तोंडाने ओढू नका, बर्फ लावू नका. घोणशीच्या दंशात रक्त गोठायचं थांबतं, तिथे ब्लेड मारलंत तर रक्त थांबणार नाही. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. सापाला शोधत बसू नका. आपल्याकडचं प्रतिविष, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, या चारही सापांवर चालतं, आणि डॉक्टर लक्षणं बघून, रक्त वीस मिनिटांत गोठतं का ते काचेच्या नळीत तपासून उपचार ठरवतात. साप पिशवीत घालून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. लांबून फोटो निघाला तर ठीक, नाही निघाला तरी ठीक.

१०८ला फोन करा, पण दारात गाडी उभी असेल आणि रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर गाडीने निघा. दुचाकी असेल तर रुग्णाला मध्ये बसवून मागे एक जण धरायला हवा. कुठे जायचं हे आज ठरवा. त्र्यंबक रोडचं जिल्हा शासकीय रुग्णालय तुम्हाला माहीत असेल. सरकारी रुग्णालयात प्रतिविष मोफत मिळतं. शिवाय तुमच्या जवळच्या दोन-तीन मोठ्या खासगी रुग्णालयांना उद्याच फोन करून दोन प्रश्न विचारा: प्रतिविष आत्ता आहे का, आणि व्हेंटिलेटर आहे का? दुसरा प्रश्न मण्यारीसाठी आहे. तिच्या विषाने श्वास बंद पडला की प्रतिविष दिल्यावरही काही दिवस यंत्राने श्वास द्यावा लागतो, आणि तो वेळेवर मिळाला तर माणूस उठून घरी जातो. गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन परत येणं, मांत्रिकाकडे उतरवायला नेणं, यात जो तास जातो तो परत मिळत नाही. लक्षणं दिसली नाहीत तरी चोवीस तास रुग्णालयात राहायचं. लहान मुलांना प्रतिविषाचा डोस मोठ्यांइतकाच लागतो, कारण सापाने विष तेवढंच सोडलेलं असतं. डॉक्टर जास्त बाटल्या म्हणाले तर घाबरू नका.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० आणि त्यातली साधारण निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. हा आकडा तुम्हाला घाबरवायला देत नाही. त्यातली बहुसंख्य माणसं खेड्यातली होती, अनवाणी शेतात राबणारी, रुग्णालयापासून दूर असलेली. तुमच्या दारात डांबरी रस्ता आहे, गाडी आहे, जिल्हा रुग्णालय त्याच शहरात आहे. एवढ्या सोयी असताना घर विकायचं कारण मला दिसत नाही, आणि मिस्टरांना तसं स्पष्ट सांगा. कर्ज काढून घेतलेलं घर एका पिल्लासाठी पावसाळ्यात घाईने विकलंत तर नुकसान पक्कं. दाराच्या पट्ट्या, जाळ्या आणि पलंग झाल्यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहून बघा.

सासूबाईंचं मन मोडू नका. मुकं जनावर विनाकारण मारलं याची त्यांना टोचणी लागली आहे, ती खरी आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. त्र्यंबकेश्वर तुमच्यापासून तासाभरावर आहे. विधी करायचा की नाही हे घरात बसून ठरवा, तो तुमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मात्र नागीण डूख धरते, जोडीदार सूड घ्यायला येतो, या गोष्टी मुलांसमोर नकोत. साप कुणाचा चेहरा लक्षात ठेवत नाही, आणि हे ऐकलेलं सात वर्षांचं मूल रात्री झोपत नाही. त्यापेक्षा नागपंचमीला चिरू नये, खणू नये, हे आजींनी पाळलं तसं मुलांना सांगावं आणि त्यालाच जोडून शिकवावं: साप दिसला की थांब, हळूच मागे हो, मोठ्यांना हाक मार. चेंडू गवतात गेला तर हात घालायचा नाही, काठीने काढायचा. आजीच्या तोंडून आलेलं मुलं जास्त ऐकतात. त्या दिवशी कुणी टोपलीत नाग घेऊन दारात आलं तर दूध, पैसे देऊ नका. साप दूध पीत नाही, त्याला आधी उपाशी आणि तहानलेला ठेवलेलं असतं.

राहिलं तुमचं रात्रीचं उठणं. मुलं पलंगावर मच्छरदाणीत गेली, दाराखाली पट्टी बसली, की एकदा झोपण्यापूर्वी हॉल आणि बाथरूममध्ये बॅटरी फिरवा आणि मग सकाळपर्यंत उठू नका. पाणी प्यायला उठलात तर दिवा लावल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही, एवढं पुरे. आठवडाभरातही झोप लागली नाही तर डॉक्टरांशी बोला, त्यात संकोच नको.

आणि सोसायटीची मीटिंग होईल तेव्हा एक विषय तुम्ही मांडा, कारण दुसरं कुणी मांडणार नाही. तुमचा वॉचमन कुठे झोपतो? बहुतेक कॉलन्यांमध्ये तो केबिनमध्ये फरशीवर पुठ्ठा टाकून पडतो, दार उघडं ठेवून, रिकाम्या प्लॉटच्या अगदी कडेला. शेजारच्या बांधकामावरची माणसं तर पत्र्याच्या खोलीत लेकराबाळांसह मातीवर झोपतात. तुमच्या सगळ्या गल्लीत मण्यारीचा धोका सगळ्यात जास्त त्यांना आहे. ॲसिडसाठी जी वर्गणी काढणार होतात त्यातून वॉचमनला एक लोखंडी पलंग, मच्छरदाणी, चांगली बॅटरी आणि गमबूट घ्या, आणि बांधकामाच्या ठेकेदाराला त्याच्या माणसांसाठी खाटा आणि मच्छरदाण्या द्यायला सांगा. रुग्णालयाचा आणि १०८चा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून केबिनच्या भिंतीवर लावा, आणि वॉचमनला रात्री गरज पडली तर गाडीसाठी कुणाच्या दाराची बेल वाजवायची ते त्याच मीटिंगमध्ये नावानिशी ठरवा.